खूण केलेलं इंजिन

त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर "माझं नाव घालायची तुला काय गरज पडली?" आणि "हे लिहायला कोनी सांगितलं?" असे दोन प्रश्न येतील, आणि दोन्हींची खरी उत्तरं दिली तरी त्यांचं समाधान होणार नाही. त्यांची धाकटी बहीण त्यांना दादा म्हणायची. तिचं ऐकून मी म्हणायला लागलो आणि माझं ऐकून सगळा कारखाना.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात मी हिशेब बघतो. दादा तिथेच स्टोअर सांभाळायचे. माझ्या कागदावर जो माल असेल तो त्यांच्या गोदामात असायला हवा, एवढाच आमचा संबंध. आणि तो माल नेहमी असायचा. नवा ड्रम आला की ते आधी चलन वाचत नसत. बोटं वाकवून ड्रमच्या अंगावर खालून वर टकटक करत जायचे. आवाज बदलला तिथे खडूची रेघ मारायची, मग चलन मागायचं.

"कागद कोनीपन लिहितो रे, अकाउंट," ते मला म्हणायचे. नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही. "आवाज खोटं बोलत नाय. माणूस बोलतो."

बाजारात जाताना त्यांच्या पिशवीत एक दगड असायचा. नदीतला गुळगुळीत, काळा. कारखान्याच्या काट्यावर त्याचं वजन करून घेतलेलं. मासळीवालीने मासे तोलायच्या आधी दादा तो दगड तिच्या काट्यावर ठेवायचे, आकडा बघायचे, दगड परत पिशवीत टाकायचे आणि मग म्हणायचे, "हां, आता घाल." बाजारातल्या बायका त्यांना ओळखून होत्या. एकदा एक जण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आज दगडाचं कालवन काय वो दादा? मीठ जरा जास्त घाला, मऊ शिजंल." दादांना राग आला नाही. ते खाली वाकून काट्याच्या तळाशी काही चिकटवलंय का ते बघत होते.

दुसऱ्याने दिलेलं ते आधी खात नसत. चहा आला की हातात ग्लास धरून थांबायचे. देणाऱ्याने पहिला घोट घेतला, तो गिळला, म्हणजे यांच्या ग्लासाला तोंड. कुणी लग्नाचे पेढे आणले तर, "आधी तुमी." हे दोन शब्द ते इतक्या अदबीने म्हणायचे की नव्या माणसाला तो मानच वाटायचा. कुणी त्यांना विष घालावं असं त्यांच्याजवळ काही नव्हतं. मी तसं एकदा म्हणालो. ते म्हणाले, "तेच तर. मग देतात कशाला?"

लग्न त्यांचं झालं नाही. मुली बघायला गेले होते, दोन-तीन ठिकाणी. एका घरी पोहे खाऊन झाल्यावर (आधी मुलीच्या बापाने खाल्ले, मग यांनी) त्यांनी विचारलं, "मुलीच्या हातावर कायमची अशी काय खूण हाय का? तीळ, भाजल्याचा डाग?" बापाला कळेना. दादांनी शांतपणे समजावून सांगितलं, की दाखवायची एक आणि मुंडावळ्या बांधून उभी करायची दुसरी, असं होतं लोकांच्यात. त्या घरातून त्यांना पिशवी विसरून निघावं लागलं. दगड त्यातच होता. दुसऱ्या दिवशी ते तो आणायला परत गेले.

खुणा हा त्यांचा धर्मच होता. छत्रीच्या आतल्या तारेला सुतळीची गाठ, डब्याच्या बुडाला खिळ्याचा ओरखडा, चपलेच्या पट्ट्याखाली काळा टाका. देवळात तर दोन चपला दोन वेगळ्या जागी काढायच्या, चोराला जोड मिळायला नको. खूण कुठे आहे ते कुणाला सांगायचं नाही. सांगितली की ती खूण राहत नाही. हे कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, जीपमध्ये, समोर बघत. त्यांच्या वडिलांचं भाताचं खाचर चुलत्याच्या खाचराला लागून होतं. मधला बांध दर पावसाळ्यात वीतभर सरकायचा. "कोनी सरकवताना दिसला नाय. देवाशप्पथ सांगतो, कोनीच दिसला नाय. मी लहान होतो, रात रात जागलो. पन लावनी आली की आमच्यातली एक ओळ कमी." मग गिअर बदलत म्हणाले, "खूण केली असती बाबानं, तर?"

आमच्या भागात संशय हा काही नवा पाहुणा नाही. तळीये गावावर दरड आली त्या पावसाळ्यापासून डोंगराच्या कुशीत राहणारं कुणी डोंगराकडे सरळ नजरेने बघत नाही. पावसाची झड लागली की माणसं अंथरुणात कान देऊन पडतात. दादा लख्ख उन्हातही कान देऊन असायचे, एवढाच फरक.

सगळ्यांत जास्त कान असायचा त्यांच्या जीपवर. जुनी, डिझेलची, कापडी टपाची. कापडे गावाच्या वर डोंगरात त्यांची वाडी आहे. शनिवारी कारखाना सुटला की ते वाडीवर जायचे, आणि माझं घर पोलादपुरात असल्याने मी त्यांच्याबरोबर; कधी कधी मुक्कामाला वाडीपर्यंतही. पोलादपूरपर्यंत बोलायला परवानगी होती. चढ लागला की नाही. एकदा वाडीतली एक बाई मागे बसून सुनेच्या कागाळ्या सांगत होती, तर दादांनी जीप थांबवली. "काकू, तुमची सून आनि माझं इंजिन एकदम ऐकू येत नाय. एकीला उतरवा." स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते तासन्‌तास उभे राहायचे, डॉक्टरने छाती तपासावी तसे.

या माणसाचं जगात एकच माणूस होतं, ती धाकटी बहीण. ताई. तिला पोलादपुरात दिली होती आणि तिचा नवरा हायवेजवळ गॅरेज चालवायचा. तो मिस्त्री. दादा त्याला भावजी म्हणायचे, अहो-जाहो करायचे, कारण बहिणीचा नवरा म्हणजे वयाने लहान असला तरी मानाचा. मिस्त्री तोंडाचा फाटका, बढाईखोर, पण हात चालायचा. "माझ्याकडून गेलेली गाडी परत आली तर पान्हा सोडून देवळात घंटा बडवीन," हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. शनिवारी आम्ही त्याच्या गॅरेजवर थांबायचो. ताई मागच्या घरातून चहा आणायची. मिस्त्री पहिला घोट घ्यायचा आणि जीभ बाहेर काढून दाखवायचा, "बघा दादा, अजून जिवंत हाय." मग दादा प्यायचे. ताई हसायची. हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग एका शनिवारी कापड्याच्या पुढच्या चढावर जीपच्या मागून पांढरा धूर निघाला आणि रेडिएटरचं पाणी उकळून बाहेर आलं. हेड गास्केट, म्हणजे इंजिनाच्या सांध्यातलं पॅकिंग, गेलं होतं. इंजिनाचं वरचं डोकं, ज्याला हेड म्हणतात, ते उतरवून महाडला लेथवाल्याकडून सपाट करून आणायचं, व्हॉल्व्ह घासून बसवायचे, सगळं पुन्हा जुळवायचं, असं मोठं काम निघालं.

दादांनी गाडी भावजींकडे दिली. न देऊन सांगतात कुणाला. पण हेड उतरल्यावर सुटे भाग एका पत्र्याच्या डब्यात पडले होते, तो डबा ते वाडीवर घेऊन गेले. "पुसून आनतो." मिस्त्री म्हणाला, "दादा, पुसायला माझ्याकडे फडकी नायत काय?" दादा म्हणाले, "तुमी कामात असता." दुसऱ्या दिवशी डबा परत आला, भाग चकचकीत पुसलेले.

पुढल्या शनिवारी एसटीत माझ्या शेजारी बसल्यावर ते हळूच म्हणाले, "खूण केली हाय."

"कशावर?"

"ते तुलापन सांगनार नाय. तपासून केलीय. डिझेलमध्ये रातभर बुडवून ठेवली, गेली नाय. रॉकेलनं घासली, गेली नाय. आता बदलू दे कोनी बदलतो तर."

"दादा, घरचा माणूस आहे तो."

"बांध सरकवनारा कोन होता?" ते म्हणाले.

जीप मिळाली तेव्हा ती शिवणयंत्रासारखी चालत होती. मिस्त्रीने हात पुसत मला सांगितलं, "हेड बसवलं नाय, पूजेला मूर्ती बसवलीय." दादांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकलं आणि काही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही शाबासकीच.

दोन आठवडे बरे गेले. नंतर चढावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ऐक."

मला आधी काही ऐकू आलं नाही. मग आलं. टिक, टिक, टिक, टिक. घड्याळासारखं, पण इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारं. एकदा ऐकल्यावर दुसरं काही ऐकूच येईना.

मिस्त्रीने नुसता कान लावला आणि म्हणाला, "टॅपेट." त्याने मला समजावलं ते असं: इंजिनात लांब सळया असतात, त्यांना पुशरॉड म्हणतात. पुशरॉड वर उचलला की रॉकर नावाची दांडी डुलते आणि व्हॉल्व्ह दाबते. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात कागदाएवढी फट ठेवावी लागते. फट कमी पडली तर व्हॉल्व्ह जळतो, जास्त झाली तर टिकटिक करतो. पातळ पात्यांच्या फिलर गेजने ती फट मोजून बरोबर करायची, एवढंच काम. "हेड नवीन बसलं की एकदा करावंच लागतं. यात काय नाय." त्याने वरचं झाकण उघडलं, पाती घालून फटी जुळवल्या, झाकण लावलं. आवाज गेला.

पुढल्या शनिवारी परत आला.

या वेळी मिस्त्री जरा कमी बोलला. फटी पुन्हा बघितल्या. "वाढल्यात," तो पुटपुटला, "कशा वाढल्यात?" पुन्हा जुळवल्या. आवाज गेला आणि पुन्हा आला. मग त्याने सगळे उपाय सुरू केले. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा पाइप ढिला केला. इंजिन लंगडायचं, पण टिकटिक जशीच्या तशी. "खालचा आवाज असता तर कमी झाला असता. वरचाच हाय." सायलेन्सरच्या पाइपाचं गास्केट फुसकत असेल म्हणून तेही बदललं. रॉकरला ऑइल पोचतंय का बघितलं, पोचत होतं. ऑइलच बदलून टाकलं. मिस्त्रीची झोप गेली होती हे ताईनेच मला सांगितलं. "जेवताना पन बोटानं ताटावर टिकटिक करतात, काय सांगू तुमाला."

त्या चौथ्या की पाचव्या वेळेस मिस्त्रीने फटी जुळवायच्या आधी रॉकर सगळे ढिले केले होते आणि तो हायवेवर कुणाची तरी बंद पडलेली गाडी बघायला गेला. गॅरेजमध्ये मी आणि दादा. दादांनी इकडे-तिकडे बघितलं आणि इंजिनावर वाकले. एकेक रॉकर बाजूला सारून, बॅटरीच्या उजेडात ते काहीतरी बघत गेले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता असा होता. रागावलेला नव्हता. लहान झाला होता.

"खुणा नायत," ते म्हणाले.

"एकपण नाही?"

"एका टोकाला अंधार हाय, तितं हात जात नाय. बाकी कशावर नाय."

तेवढ्यात माझी नजर गॅरेजच्या मागच्या शेडकडे गेली. तिथे तशीच एक जीप, त्याच बनावटीची, महिनोन्‌महिने विटांवर उभी असायची. ती आता नव्हती. दादांनी माझी नजर पकडली. "चालू झाली," ते म्हणाले. "आपलं हेड बसलं त्याच आठवड्यात."

मी हिशेबाचा माणूस. एका बाजूला नाहीशा झालेल्या खुणा, दुसऱ्या बाजूला अचानक जिवंत झालेली गाडी, आणि मधे न जाणारा आवाज. मी मनात ताळा करून बघितला. जुळत होता. नको असताना जुळत होता. मिस्त्री परत आला, फटी जुळवून त्याने झाकण लावलं, चहा आला, त्याने पहिला घोट घेऊन जीभ दाखवली. दादांनी ग्लास तसाच खाली ठेवला.

"भावजी," ते म्हणाले, "माझे पुशरॉड कुठायत?"

"तुमच्या इंजिनात."

"ते माझे नायत."

मिस्त्रीला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो आधी हसला. मग म्हणाला, "तुमी मला चोर बोलताय?"

"मी बोलत नाय. खुणा बोलतात."

"कसल्या खुणा? दाखवा."

"नायत, तेच बोलतोय. आनि मागं उभी होती ती गाडी कशानं चालू झाली?"

"त्या गाडीवाल्याचा पोरगा मुंबईवरनं सामान घेऊन आला!"

"साक्षीला कोन होतं?"

मिस्त्रीने हातातला पान्हा जमिनीवर टाकला. "साक्ष पायजे? गावदेवीची चालंल? तुमच्या वाडीच्या देवळात येऊन नारळ उचलतो. बोला."

आमच्याकडे अजून ही रीत आहे. ज्याच्यावर आळ असेल त्याने देवीपुढचा नारळ उचलून "मी केलं नाही" असं सगळ्यांसमोर म्हणायचं. पुढे देवी आणि तो. आळ खोटा निघाला, तर आळ घेणाऱ्याने तोच नारळ फोडून पहिला तुकडा आपल्या हाताने आळ आलेल्याला द्यायचा. पोलिसापर्यंत जाणारी कितीतरी भांडणं आमच्या डोंगरात अशी मिटतात. पण जावयाने सासरवाडीच्या देवळात नारळ उचलायचा, हे कुणी ऐकलेलं नव्हतं.

ताई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. "दादा, ऐक," ती म्हणाली. "ह्यांनी नारळ उचलला तर त्या वाडीत मी परत पाय ठेवनार नाय. भाऊबीज नाय, गौरी नाय, काय नाय. तुला ओवाळायला दगड ठेव तुझा."

दादा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते मागे घेतील. "खूण खोटी असती तर घेतलं असतं मागं," ते म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

मला घरी सोडताना त्यांनी पंच म्हणून देवळात यायला सांगितलं. "तू हिशेबी हायस. कोनाचा नायस." मला नाही म्हणायचं होतं. पण माझाही ताळा अडकला होता.

ठरलेल्या रविवारी सकाळी देवळासमोर वाडीतली माणसं जमली होती. देऊळ छोटं, कौलारू. समोर पालखी टेकवायचा दगडी ओटा, त्याला सहाण म्हणतात. गुरवाने देवीपुढे नारळ मांडून ठेवला होता. मिस्त्री दुसऱ्याच्या टेम्पोतून आला, बरोबर हत्यारांची पेटी. ताई बरोबर होती, पण देवळाच्या आवाराबाहेर, आंब्याखाली थांबली. आत येईना. वाडीतल्या बायका तिला बोलवायला गेल्या, तर म्हणाली, "हितून दिसतंय मला."

गुरव म्हणाला, "चला, हात-पाय धुवा, नारळ घ्या."

"घेतो," मिस्त्री म्हणाला. "पन आधी ह्यांच्या गाडीचं पोट उघडून सगळ्यांना दाखवतो. नंतर बोलायला नको, देवीला फसवलं. आना जीप हिकडं."

दादांनी जीप सहाणेपर्यंत आणली. टिक, टिक, टिक. सगळी वाडी त्या आवाजाकडे बघत होती. मिस्त्रीने इंजिन बंद केलं, झाकण काढलं, मग खाली सरकून ऑइलचा बूच सोडला. काळं ऑइल घमेल्यात उतरलं. "ह्यात लोखंडाचा चुरा असंल तर इंजिन आतून खातंय. नसंल तर नाय. गाळून बघू." त्याने पांढरं फडकं काढलं. ते धरायला दुसरं कुणी पुढे होईना, तेव्हा त्याने हाक मारली, "अगो, ये हिकडं, धर जरा."

ताई नाइलाजाने आली. दोघांनी फडक्यातून ऑइल गाळलं, मग वरून डिझेल ओतून फडकं धुतलं. काळं निघून गेलं. लोखंडाचा चुरा नव्हता. पण उन्हात फडक्यावर काहीतरी चमकत होतं. बारीक बारीक कपच्या. जांभळ्या, आणि त्यात चमकी.

मिस्त्री डोळे बारीक करून बघत होता. "हे काय हाय? असलं काय इंजिनात नसतं."

ताईने फडकं तोंडाजवळ नेलं. "हे माझं हाय," ती म्हणाली.

"काय?"

"नखांना लावायचं. आमच्या पोरीनं मुंबईवरनं आनलेलं. जांभळं, चमकीचं. असला रंग पोलादपुरात कोनाकडं नाय. बाटली गेली म्हनून मी शेजारनीच्या पोरीला नाय नाय ते बोलले." ती थांबली आणि तिने मान वर केली. "दादा?"

मिस्त्री उठला आणि इंजिनावर वाकला. सगळ्यांत मागच्या, अंधाऱ्या टोकाचा पुशरॉड त्याने उपसून काढला. सळीच्या वरच्या टोकाला वाटीसारखा खळगा असतो, त्यात रॉकरचा गोळा बसतो. त्याने बोटाने तेल पुसलं. खळग्यात तळाला जांभळा ठिपका होता, कडेने अर्धा उडालेला.

मिस्त्री बोलायला लागला, आधी स्वतःशी, मग मोठ्याने. "म्हनून! म्हनून रे! मी वर गेज घालून फट बरोबर बसवतो, आनि खाली ह्या रांगोळीचा थर! गरम तेलात रांगोळी सुटते, तेवढी फट वाढते. मी परत बसवतो, दुसऱ्याची सुटते. दादा, डिझेलमध्ये बुडवून बघितलंत, ते थंड डिझेल! उकळत्या तेलात, वर हातोड्यासारखा मार खात, नखाचा रंग किती टिकंल? सळ्या तुमच्याच हायत. आवाजपन तुमचाच हाय!"

गुरवाने विचारलं, "मग ह्यात चोरी कोनाची झाली?" त्याने ते भाबडेपणाने विचारलं होतं. "बाटलीची," मागून एक म्हातारा म्हणाला, आणि सगळे हसले.

दादा हसले नाहीत. ते पुढे आले, मिस्त्रीच्या हातातून पुशरॉड घेतला, खळगा उन्हात धरला, नखाने ठिपका खरवडला. बराच वेळ ते बघत होते. मला वाटतं, हा ठिपका मिस्त्रीने मागाहून लावला असेल का, हे ते तपासत होते. ते त्यांच्याकडून झाल्याशिवाय राहिलं नसतं. मग त्यांनी सळी पुसली आणि परत दिली.

"बाटली परत ठेवनार होतो," ते ताईला म्हणाले. "घरी हाय. वापरलीय थोडी."

ताई परत आंब्याकडे चालू लागली.

दादांनी देवीपुढचा नारळ उचलला. तो मिस्त्रीने उचलायचा होता. तो दादांनी उचलला आणि सहाणेच्या कडेवर आपटला. पाणी दगडावर सांडलं. एक तुकडा त्यांनी सुरीने काढला आणि मिस्त्रीपुढे धरला. रीत पुरी व्हायला मिस्त्रीने तो खायला हवा होता. तो खाल्ला नाही तर भांडण उभंच राहतं, आणि आंब्याखालची ताई तिथूनच माघारी जाते.

मिस्त्रीने तुकड्याकडे बघितलं. दादांकडे बघितलं. हाताची घडी घातली.

"आधी तुमी," तो म्हणाला.

वाडीतल्या माणसांना त्यात काही वाटलं नसेल. मला ते शब्द कुणाचे आहेत ते माहीत होतं, आणि ताईलाही. ती चालता चालता थांबली. दादांचा हात तसाच पुढे होता. आयुष्यभर लोकांनी त्यांच्यासमोर पहिला घोट घेतला होता, पहिला पेढा मोडला होता. आपल्याकडे कुणीतरी असं बघत थांबलं म्हणजे कसं वाटतं, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळत असावं. त्यांचे कान लाल झाले.

त्यांनी तुकडा दाताने अर्धा तोडला. चावला. मिस्त्री त्यांच्या गळ्याकडे बघत होता. गिळेपर्यंत बघत राहिला. दादांनी गिळला आणि, कुणी सांगितलं नव्हतं तरी, तोंड उघडून जीभ बाहेर काढून दाखवली.

आंब्याखालून आवाज आला, हसण्याचा की हुंदक्याचा ते मी सांगू शकत नाही. पण मान वळवली तेव्हा ताई आवाराच्या आत होती. चपला बाहेर काढलेल्या होत्या, दोन्ही एकाच जागी.

"गोड हाय, भावजी," दादा म्हणाले. "घ्या."